घरट्यात सापडलेल्या वस्तू

जूनच्या सात तारखेला सकाळी कुझ्माने होडी पाण्यात लोटली, तेव्हा बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्यात मात्रोना नव्हती. पुढच्या फळीवर मात्रोनाची थोरली बहीण पारास्केवा बसली होती. तिच्या मांडीवर तळलेल्या पावांचा डबा होता आणि अंगात मात्रोनाचा जाड निळा कोट होता.

"लाटेत आडवी घालू नकोस होडी," ती म्हणाली. "पाव भिजले तर दहा दिवस नुसता मासा चघळावा लागेल. मात्रोना म्हणायची, माझ्या नवऱ्याला होडी हाकता येते, थांबवता येत नाही."

"ती सगळ्यांबद्दल असंच बोलायची."

"सगळ्यांबद्दल नाही. तुझ्याबद्दलच बोलायची."

कुझ्मा हसला नाही, पण त्याला बरं वाटलं. मार्चपासून गावात कुणी त्याच्यासमोर मात्रोनाची थट्टा केली नव्हती. सगळे तिचं नाव घेताना आवाज खाली आणायचे.

गावापासून चाळीस मैलांवर ती बेटं होती. अलास्काजवळच्या अल्युशन बेटांच्या त्या टोकाला झाड म्हणून उगवत नाही. त्यामुळे पांढऱ्या डोक्याचे गरुड तिथे जमिनीवर, डोंगराच्या सोंडेवर, नाहीतर समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांच्या माथ्यावर घरटी करतात. अशी आठ घरटी होती. दर जूनमध्ये ती बघायची, पिल्लं मोजायची, घरट्यात काय काय आहे त्याची यादी करायची आणि ती वन्यजीव खात्याला पाठवायची, हे काम कुझ्मा आणि मात्रोना लग्नानंतर चार वर्षांनी करू लागले होते.

कामाचा एक नियम होता. एकाने वर घरट्यापाशी जायचं आणि जे दिसेल ते ओरडून सांगायचं. दुसऱ्याने खाली वही घेऊन उभं राहायचं. खालच्याने ऐकलेलं तसंच्या तसं मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. त्या वाऱ्यात शब्द हरवतात, दोनाचे तीन होतात. खालचा परत बोलला नाही तर वरच्याने पुन्हा सांगायचं. परत बोललं गेलं की ते पक्कं. मग त्यात खाडाखोड नाही.

मात्रोना अंगाने हलकी, म्हणून ती वर जायची. कुझ्मा खाली. बावीस वर्षं तिचा आवाज त्याने असाच वरून खाली येताना ऐकला होता. आकडा सांगण्याआधी ती किंचित खाकरायची आणि शेवटी विचारायची, "लिहिलंस, म्हाताऱ्या?" पहिल्या वर्षी तिने हे विचारलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

या वर्षी सगळं उलटं होतं. पारास्केवाचे गुडघे कामातून गेलेले. कुझ्मा वर जाणार होता आणि ती लिहिणार होती.

मात्रोना मार्चमध्ये गेली. पोटाचं दुखणं होतं, कळेपर्यंत उशीर झाला होता. तिला चर्चमागच्या उतारावर पुरलं. चाळिसाव्या दिवशी प्रार्थना झाली, मनुका घातलेला गोड भात सगळ्यांनी खाल्ला, आणि मग गावाच्या रीतीप्रमाणे तिच्या वस्तू वाटल्या. ज्याला जे मिळालं त्याने ते तिथेच, सगळ्यांसमोर वापरायचं असतं. कपातून प्यायचं, बूट घालून चार पावलं चालायचं. माणसाचं काहीच घरात ठेवायचं नाही. ठेवलं तर त्याचं इथलं येणंजाणं सुटत नाही, असं सगळे मानतात. शेवटी पारास्केवाने कुझ्माला विचारलं होतं, "सगळं गेलं?" आणि कुझ्मा म्हणाला होता, "सगळं."

ते खोटं होतं. मात्रोना होडीवर घालायची ती लाल लोकरीची टोपी त्याने ठेवून घेतली होती. ती आत्ताही त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात होती. तिला अजून तिच्या केसांचा वास होता. तो वास गेला की टोपी देऊन टाकायची, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

पहिली दोन घरटी नेहमीसारखी होती. गरुडांची जोडी डोक्यावर घिरट्या घालत चिरक्या आवाजात ओरडत राहिली. पहिल्यात पिल्लं दोन, दुसऱ्यात एक. माशांची डोकी, समुद्रपक्ष्यांचे पंख, निळ्या जाळ्याचा तुकडा. गरुड काहीही उचलून आणतात. एका वर्षी मात्रोनाला घरट्यात बाहुली सापडली होती.

तिसरं घरटं दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. कुझ्मा सोंडेवर चढला तेव्हा दोन्ही गरुड पलीकडच्या खडकावर बसलेले होते. ते उडाले नाहीत. ओरडलेही नाहीत. कुझ्माने घरट्यात वाकून बघितलं.

"पिल्लं दोन," तो ओरडला.

"पिल्लं दोन," खालून पारास्केवा.

"कप एक. पांढरा, पत्र्याचा."

"कप एक," ती म्हणाली आणि मग, "कसला कप?"

तो त्याने खाली आणला. पांढरा, निळ्या काठाचा, कानाजवळ रंगाचा टवका उडालेला. टवक्याचा आकार माशाच्या उघड्या तोंडासारखा होता. पारास्केवाने त्या टवक्यावरून अंगठा फिरवला.

"हा मी चाळिसाव्या दिवशी फेदोराला दिला," पारास्केवा म्हणाली. "माझ्या हाताने."

"तिने बाहेर ठेवला असेल. गरुडाने उचलला."

"चाळीस मैल?"

"वाऱ्यावर येतात ते."

संध्याकाळी सहाला गावाशी रेडिओवर बोलायची वेळ ठरलेली होती. बाहेर भर दुपारसारखा उजेड होता. बेटावर मुक्कामाला असलेल्या झोपडीत शेगडी पेटलेली होती आणि किटली उकळत होती. फेदोरा पलीकडून बोलू लागली की तिला थांबवणं अवघड. तिने आधी स्वतःच्या सुनेबद्दल सांगितलं, मग हवेबद्दल.

"फेदोरा," पारास्केवा म्हणाली, "मात्रोनाचा कप कुठाय?"

"कुठाय म्हणजे? हातात आहे. चहा पितेय."

"नीट बघ. टवका आहे का?"

"अगं, टवका नसेल तर तो मात्रोनाचा कसा? तुम्ही दोघं तिथे काय पिताय, ते आधी सांगा."

ती मोठ्याने हसली. पारास्केवाने रेडिओ बंद केला.

तोवर कुझ्माने टेबलावरच्या कपात किटलीतून उकळता चहा ओतला होता. का ओतला ते त्यालाच सांगता आलं नसतं. कदाचित तो नुसता कप आहे, एवढं बघायचं होतं. चहा पडताना वाफ होती. कपात पडल्यावर ती नव्हती. त्याने बोट बुडवलं आणि झटकन काढलं. चहा ओढ्याच्या पाण्याइतका गार होता.

पारास्केवाने स्वतःच्या कपात त्याच किटलीतून चहा घेतला. तो पिताना तिची जीभ भाजली.

"हा बाहेर ठेव," ती म्हणाली. "दाराबाहेर. पोत्यात."

तिसऱ्या दिवशी चौथ्या घरट्यात कंगवा मिळाला. दोन दात तुटलेला. पाचव्यात मासे कापायची अर्धगोल सुरी, हाडाच्या मुठीची. सहाव्यात रबरी बूट, एकात एक घालून ठेवलेले. मात्रोना ते तसेच ठेवायची. कुझ्मा वरून सांगत राहिला आणि पारास्केवा खालून परत म्हणत राहिली. प्रत्येक वेळी तिचा आवाज आधीपेक्षा लहान येत होता. पिल्लं सगळीकडे धडधाकट होती. पण ती तोंड उघडत नव्हती. माणसाचं डोकं काठावर आलं की पिल्लं चोच वासून फिस्कारतात. ही नुसती बघत होती. कुझ्मा हलला की त्यांच्या माना हलायच्या.

आणि प्रत्येक वस्तू घरट्याच्या मधोमध ठेवलेली असायची. टाकलेली नव्हे, ठेवलेली.

चौथ्या दिवशी सातवं घरटं. धुकं खाली उतरलं होतं आणि पारास्केवा त्याला वरून नुसता निळा डाग दिसत होती.

"पिल्लू एक," तो ओरडला.

"पिल्लू एक."

"कोट एक. निळा."

खालून काही आलं नाही. त्याने थोडं थांबून पुन्हा सांगितलं. "कोट एक. निळा."

"कुठला निळा?"

"तुझ्या अंगात आहे तो."

खालचा निळा डाग हलला नाही. मग तो हळूहळू खाली बसला.

कोट तोच होता. डाव्या कोपरावर मात्रोनाने राखाडी दोऱ्याने लावलेलं ठिगळ होतं, कारण निळा दोरा संपला होता. तेच ठिगळ पारास्केवाच्या कोपरावरही होतं. कुझ्माने दोन्ही कोट शेजारी धरले. टाकेसुद्धा तेवढेच होते. त्याने मोजले.

झोपडीत आल्यावर त्यांनी दोन्ही कोट शेगडीजवळ खुंट्यांवर टांगले. तासाभरात पारास्केवाचा कोट वाळला, गरम झाला, त्याला लोकरीचा वास येऊ लागला. दुसरा होता तसाच राहिला. ओला नव्हता, पण गार. त्याला कसलाच वास नव्हता. कुझ्माने तो नाकाशी धरून बराच वेळ श्वास घेतला. माणसाचा नाही, समुद्राचा नाही, काहीच नाही.

त्याने तोही बाहेर पोत्यात टाकला. पारास्केवाने आपला कोट परत अंगात घातला नाही. ती घोंगडी पांघरून बसली.

"कप फेदोराकडे," ती बोटं मोजत म्हणाली. "कंगवा तिच्या सुनेकडे. सुरी पाद्र्याच्या बायकोकडे. बूट अकुलिनाकडे. कोट माझ्याकडे. पाच घरटी, पाच बायका. जे जे दिलं ते ते इथे आलंय, आणि तिकडचं तिकडेही आहे."

कुझ्माने किटली शेगडीवरून उतरवली.

"ती गोळा करतेय," पारास्केवा म्हणाली. "नाहीतर तिच्यासारखं दुसरं काहीतरी गोळा करतंय. मला माझी बहीण माहीत आहे. ती मला असं घाबरवणार नाही."

"ती असेल तर वाईट काय आहे?"

पारास्केवाने त्याच्याकडे बघितलं. "कुझ्मा, तू आत्ता काय म्हणालास, ऐकलंस का तुझं तू?"

त्याने ऐकलं होतं. पण मार्चपासून तो रोज सकाळी दोन कप मांडत होता आणि एक परत ठेवत होता. ज्याच्यावर ती वेळ आली नाही त्याला हे सांगून उपयोग नव्हता.

"आता काय उरलंय?" तिने विचारलं. "तू सगळं दिलंस ना?"

"सगळं," कुझ्मा म्हणाला.

सकाळी तो उठला तेव्हा धुकं खिडकीला टेकलं होतं. पारास्केवा आधीच जागी होती. ती तिच्या खाटेवर भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि दाराच्या बाजूला बघत होती.

निळा कोट खुंटीवर होता. पारास्केवाचा नव्हे. तिचा तिने उशाखाली दाबून ठेवला होता. खुंटीवरच्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती. बाह्या सरळ. एका खिशातून कंगवा डोकावत होता, दुसऱ्यातून सुरीची मूठ. पत्र्याचा कप बटणात अडकवलेला होता. कोटाखाली जमिनीवर रबरी बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. त्यांची टोकं कुझ्माच्या खाटेकडे होती.

कॉलरच्या वर भिंतीची रिकामी फळी होती.

"मी नाही केलं," पारास्केवा म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मी जागीच होते. डोळा लागला असेल तर पाच मिनिटं."

कुझ्माने आतल्या खिशात हात घातला आणि टोपी काढून तिच्यासमोर धरली. ती छातीच्या उबेने गरम होती.

पारास्केवा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "चाळिसाव्या दिवसापासून?"

"हो."

"माझ्या तोंडावर दोनदा खोटं बोललास."

"वास होता गं तिला. अजून आहे."

"तिचं बोट धरून ठेवलंस तू. आणि ज्याने ते पलीकडून धरलंय ते मात्रोना आहे असं तुला वाटतंय." ती खाटेवरून उतरली आणि वस्तू एकेक करून पोत्यात भरू लागली. "ही टोपी घेऊन तू गावात पाऊल टाकायचं नाहीस. आठवं घरटं राहिलंय. तिथे जायचं. हे पोतं आणि टोपी, सगळं आपल्या हाताने घरट्यात ठेवायचं आणि उतरायचं. आज मोजायचं नाही. लिहायचं नाही. कुणाशी बोलायचं नाही. कळलं?"

"वर तिथे कोण असणार बोलायला?"

"कळलं का, एवढंच विचारलं मी."

"कळलं."

आठवं घरटं बेटाच्या दक्षिणेला, एकट्या सुळक्यावर होतं. ओहोटीला तिथे गोट्यांची चिंचोळी वाट उघडी पडायची. पारास्केवा होडीत थांबली, इंजिन चालू ठेवून, कारण लाटेमुळे होडी वर ओढता येत नव्हती. कुझ्मा उतरला. धुक्यात दहा पावलांवर होडी दिसेनाशी झाली. इंजिनाचा आवाज तेवढा मागे येत राहिला.

वाटेत त्याला गरुड दिसले. आधी एक, मग चार, मग मोजायचं नाही असं ठरवूनही त्याने चौदा मोजले. ते खडकांवर, गोट्यांवर, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर बसले होते. सातही घरट्यांचे आई-बाप. पिल्लं सोडून ते कधी असे येत नाहीत. त्यांची पांढरी डोकी सुळक्याकडे वळलेली होती.

सुळक्याच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता. बावीस वर्षं तो त्याच दगडावर उभा राहून लिहीत आला होता. त्याने पोतं खाली ठेवलं. इंजिनाचा आवाज आता येत नव्हता. वारा नव्हता. पाणीसुद्धा वाजत नव्हतं.

वर कुणीतरी खाकरलं.

"पिल्लं दोन."

"पिल्लं दोन," कुझ्मा म्हणाला.

तो विचार करून म्हणाला नव्हता. ते आपोआप आलं, जसं कुणी दार वाजवलं की 'कोण' येतं. त्याने बघितलं तर वही त्याच्या हातात होती आणि पेन्सिलीने दोनचा आकडा काढलेला होता.

"कॉडचं डोकं एक."

तिचाच आवाज. आजारात चिरका झालेला नव्हे, त्याआधीचा.

"कॉडचं डोकं एक," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो लिहीत होता. पारास्केवाने काय बजावलं होतं ते त्याला आठवत होतं. पण आपण थांबलो तर आवाज थांबेल, हे त्याहून जास्त आठवत होतं.

"पंख चार."

"पंख चार."

"टोपी एक. लाल."

त्याने छातीवर हात ठेवला. टोपी खिशातच होती, उबदार.

"टोपी एक. लाल," तो म्हणाला.

वर पुन्हा खाकरणं.

"पुरुष एक."

"पुरुष एक," कुझ्मा म्हणाला.

पेन्सिल चालली आणि थांबली.

"लिहिलंस, म्हाताऱ्या?"

त्याने वहीकडे बघितलं. अक्षर त्याचंच होतं.

"लिहिलं," तो म्हणाला.

मग काही आलं नाही.

तो वर चढला. हाताला खडक लागत होता, पण खडबडीतपणा कळत नव्हता. काठावर डोकं काढलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. दोन पिल्लं होती. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. दोघं पाठमोरी बसून घरट्याच्या मध्याकडे बघत होती.

मध्ये गवत दबलेलं होतं. लांब आणि अरुंद, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढं. कुझ्माएवढं.

त्याने हात पुढे करून तिथे टेकवला.

गवत गरम होतं.

त्याने टोपी काढून त्या जागेच्या वरच्या टोकाला, डोकं येईल तिथे ठेवली. ठेवण्याआधी शेवटचं म्हणून नाकाशी धरली. तिला वास नव्हता.

खाली कसा उतरला ते त्याला नीट आठवलं नाही. सपाट दगडावर पोतं नव्हतं. वाटेवरचे गरुड उठून गेले होते. गोट्यांच्या वाटेवर घोट्यापर्यंत पाणी आलं होतं आणि पाण्यातून पारास्केवा होडीचा दोर ओढत, कमरेपर्यंत भिजलेली, त्याचं नाव घेत येत होती.

"तीन तास," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तीन तास झाले, कुझ्मा. किती हाका मारल्या मी."

"पंधरा मिनिटं झाली असतील."

"भरती बघ."

त्याने भरती बघितली आणि तिला आधार देऊन होडीत चढवलं. तिने त्याचा हात धरला आणि लगेच सोडला. "गार पडलायस नुसता. मी तरी पाण्यातून आले. बस तिकडे, होडी मी हाकते."

सुळका मागे पडला. धुकं वर सरकू लागलं. तीन दिवस गप्प असलेले गरुड मागे सगळे एकदम ओरडू लागले, नेहमीच्या चिरक्या, भांडखोर आवाजात. पारास्केवाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. मागे मात्र तिने वळून बघितलं नाही.

"दिलीस?" तिने विचारलं.

"दिली."

"सगळं ठेवलंस? पोतं?"

"ठेवलं."

"मोजलं नाहीस ना काही? लिहिलं नाहीस?"

पान त्याने उतरताना फाडलं असावं. ते त्याच्या पँटच्या खिशात घडी करून होतं. त्याने त्याच्यावर हात ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग कितीतरी वेळाने ती थोडं हसली. "मात्रोना असती तर म्हणाली असती, पारास्केवाला पोहायला शिकवायला मला मरावं लागलं." तिने सुकाणू काखेत धरलं आणि थर्मास उघडला. दोन कप भरले. "घे. डब्यात पाव आहेत. आता संध्याकाळी फेदोराला सांगू, उद्या येतोय म्हणून. तुझ्या घरात पहिले दोन दिवस मी स्वयंपाक करीन. नाही म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

त्याने कप दोन्ही हातांत धरला. चहा थर्मासातून पडताना त्यातून वाफ निघालेली त्याने बघितली होती. समोर, फळीवर ठेवलेल्या पारास्केवाच्या कपातून अजून निघत होती.

"चांगला उकळता भरून आणला होता," ती म्हणाली. "जपून. गरम आहे ना?"

"हो," कुझ्मा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत होती. त्याने कप तोंडाजवळ नेला आणि ती बघत होती तोवर तो त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिला.